कपाटामागचे चार

ढापण्या इंजिनियरने छत तपासून शिवणकारखाना चालवणाऱ्या मावशींपुढे कागद केला. कामावरच्या अकरा बाया बाहेर रस्त्यावर ताटकळत होत्या.

"छत टिकेल, याला दहापैकी सात. कोसळेल, याला पाच. सांगता येत नाही, याला चार."

"अहो, हे सोळा झाले! शाळेत गेला होतात ना?"

"बेरीज करायचीच नाही, मावशी. खांब जाड आहेत म्हणून सात. तुळईला चीर आहे म्हणून पाच. एक वाढलं म्हणून दुसरं कमी होत नाही."

"आणि हे चार कुठून उपटले?"

"तुमच्या कपाटामागचा खांब मला दिसलाच नाही."

सात बघून मावशींना वाटत होतं, बायांना आत बोलवावं; पाच बघून वाटत होतं, पळत सुटावं. चारांचं मात्र काहीतरी करता येणार होतं.

"मग बघत काय बसलात? लावा हात!"

कपाट फूटभर सरकलं. इंजिनियरने फटीत बॅटरी मारली. मागच्या खांबाला वरपासून खालपर्यंत भेग होती. मग त्याने चार खोडून शून्य लिहिलं, पाचाचे नऊ केले. सात तसेच ठेवले.

मावशींनी बाहेरून कुलूप घातलं.

"घरी जा गं बायांनो," त्या म्हणाल्या, "आज मशिनी बंद."