मारबतीचं तोंड

ताप साधा आहे, असं तुम्ही सांगितलंत. गावात पाय न ठेवता, एकाही आजाऱ्याच्या कपाळाला हात न लावता सांगितलंत. आणि ते इथल्याच माणसाच्या हातून फळीवर रंगवून घेतलंत.

तो माणूस, चैतराम चितारी, ओसरीत बसून बांबूची कामटी गुडघ्यावर वाकवत होता. कामटी मधोमध मोडली. त्याने ती फेकून दिली, दुसरी घेतली. आतल्या खोलीत त्याची बायको धुरपता खोकली की त्याचे हात थांबत. खोकला बसला की पुन्हा चालू लागत.

पोळा तोंडावर आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. कामट्यांची नि तणसाची ती बाई खांद्यावर घ्यायची, खासी-खोकला, रोगराई सगळी तिच्या पदरात घालायची आणि शिवेबाहेर नेऊन जाळायची. आमगावाकडच्या या खेड्यात मारबत चैतरामच्याच घरी बने. एरवी तिला फडक्याचं तोंड आणि कोळशाचे डोळे पुरत. पण बिसनलाल पटेल दारात येऊन सांगून गेले होते, "मोठी कर गा. मातीचं तोंड कर. औंदा तिच्यावर भार जास्त हाय."

भार होताच. धानाचा रोवणा चालू असतानाच ताप आला. चिखलातून उठून घरी गेलेल्या बाया खाटेला चिकटल्या. मग तालुक्याच्या हापिसातून एक बाबू सायकलवर आला. तोंडाला रुमाल बांधलेला. त्याने खिशातला कागद वाचून दाखवला आणि म्हणाला, अक्षर ठसठशीत काढ. चैतरामने काढलं. पिवळ्या फळीवर लाल अक्षरं: ताप साधा आहे. घाबरू नये. अफवा पसरवणाऱ्याला शिक्षा होईल.

धुरपता तेव्हा धडधाकट होती. फळी वाळत ठेवली होती तिथे येऊन, कमरेवर हात ठेवून ती म्हणाली होती, "अक्षर झकास उतरलं. पन साध्या तापाले बाबूनं तोंड काऊन बांधलं व्हतं?"

चैतरामला तेव्हा हसू आलं होतं.

पुढे गावाने डॉक्टर मागितला, तर उत्तर आलं, ताप साधा आहे, चावडीवर तशी फळी लावलेली आहे. तेव्हापासून चैतराम चावडीवरून जाताना मान खाली घालून जाई. काही दिवसांनी धुरपता पडली, आणि त्याचं तेवढं जाणंही सुटलं.

बाजार बंद होता, दंडारीचे खेळ बंद होते. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा अर्धा रंगलेला पडदा आढ्याला गुंडाळून टांगला होता. घरात काम म्हणून उरली ती ही मारबत. त्याने सामान आतल्या दारासमोर मांडलं होतं, तिथून खाट दिसे. माती थापायची, आत पाहायचं. नाक बसवायचं, आत पाहायचं. पडद्यावरच्या राण्या त्याने कॅलेंडरावरून उतरवल्या होत्या. मारबतीचं कॅलेंडर कोणी छापत नाही. हाताला समोर जे दिसलं ते हाताने घेतलं.

शेजारची रुख्मा रोज पेज घेऊन येई. त्या दिवशी तिने वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि मारबतीच्या तोंडाकडे पाहत तशीच उभी राहिली. गेरूचा रंग दिला होता, काजळ भरलं होतं. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते.

"काय करून ठेवलं गा हे?"

"काय?"

"हनुवटी पाय."

त्याने पाहिलं. गावातल्या बायांच्या हनुवटीवर गोंदण असतंच. पण धुरपता लहानपणी गोंदताना हलली होती आणि तिचा तिसरा ठिपका घसरून ओठाच्या कोपऱ्याशी गेला होता. मारबतीचाही तिथेच होता.

"धुरपता हाय हे," रुख्मा हळू आवाजात म्हणाली. "डोक्यात हाय का तुह्या काही?"

मारबतीचं तोंड गावातल्या जित्या माणसावर जाऊ नये, हा नेम पोरंही सांगतील. ज्याचं तोंड शिवेबाहेर जळतं, तो माणूस गावात राहत नाही म्हणतात. चैतरामने पाण्यात फडकं बुडवलं.

"काय झालं वो रुख्मा?" आतून आवाज आला.

"काही नाही बाई. तू पडून राय."

"मले दाखवा."

चैतराम हातात ओलं फडकं घेऊन उभा राहिला. मग त्याने ते खांद्यावर टाकलं, मातीचं डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि खाटेपाशी नेलं. धुरपताने बराच वेळ पाहिलं. तिचा श्वास छातीत खरखरत होता.

"माहीच हनुवटी हाय."

"चुकून झालं. पुसतो."

"जल्मभर राण्या काढल्या तुमी," ती म्हणाली. "सीता काढली, तारामती काढली. मले एक डाव नाही काढलं. आन् काढलं तं मारबत."

ती हसायला गेली आणि खोकल्याने वाकली. चैतरामने डोकं जमिनीवर ठेवून तिची पाठ धरली. उसंत मिळाली तेव्हा ती म्हणाली, "आत्ता नोका पुसू. इथं समोर ठेवा. पाहू द्या मले. न्याच्या आंदी पुसा."

"अवो, असं नसते करत," रुख्मा दारातून म्हणाली. "जित्या माणसाचं..."

"जिती हावो मी अजून. मालूम हाय मले."

त्याने मडकं पालथं घातलं आणि डोकं त्यावर, खाटेच्या समोर ठेवलं.

पोळ्याला तोरणाखाली बैल आले ते बिनवाजंत्रीचे. पटेल परतताना चैतरामच्या दारासमोर थांबले, पण ओसरीवर चढले नाहीत.

"डाक्टराचं काय झालं, पटेल?"

"माणूस धाडला व्हता. बाबू म्हणते, फळी वाचा."

"तुमी जाऊन सांगा. तुमचं आयकतीन."

"मंग मीही गेलो व्हतो," पटेल म्हणाले. हातातली छत्री त्यांनी चिखलात दोनदा टोचली. "फळी कोनाच्या हातची हाय, ते मी त्याले नाही विचारलं. तुलेही नाही विचारत."

चैतराम बोटांना लागलेली माती खरवडू लागला.

"रुख्मानं सांगितलं मले तोंडाचं. बदल ते. तुह्या एकट्याचं नाही ते, गावाले लागते."

"सकाळपावतो बदलतो."

दिवेलागणीला त्याने माती कालवली, फडकं भिजवलं आणि खाटेसमोर बसला. धुरपता त्या तोंडाकडेच पाहत होती.

"नाक एवढं सरळ कायले केलं?" ती म्हणाली. "माहं वाकडं हाय."

"आता तं पुसाचंच हाय."

"मंग पुसाच्या आंदी बरोबर करा."

त्याने अंगठ्याने नाक जरा दाबलं.

"आनखीन."

त्याने आणखी दाबलं. मग ती म्हणाली, भुवई एवढी जाड नाही. त्याने काडीला फडकं गुंडाळून ती बारीक केली. कानामागची बट तिने सांगितली नव्हती, ती त्याने स्वतःहून काढली. कालवलेली माती घमेल्यात वाळत गेली. एवढ्या वर्षांच्या संसारात ती इतका वेळ त्याच्यासमोर कधी निवांत बसली नव्हती. सारवण असो, शेणसडा असो, धानाचं कांडण असो, तिच्या हाताला काम असे. आणि त्याचं तोंड पडद्याकडे असे.

"आता झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

सकाळी माणसं मारबत न्यायला आली तेव्हा रुख्मा उंबऱ्यात बसलेली होती. तिच्याजवळ पेजेची वाटी झाकलेली होती, जशी आणली तशी. ओसरीत मारबत उभी होती. तणसाच्या धडावर तोंड चढवलेलं होतं, अंगावर धुरपताचं हिरवं लुगडं होतं. वाकडं नाक, बारीक भुवई, ओठाशी गेलेला ठिपका. आलेल्यांपैकी दोघं मागे सरले.

"चैतराम," पटेल म्हणाले. "तुले बदलाले सांगितलं व्हतं ना मी?"

"व्हय."

"मंग?"

चैतराम हातावरचा वाळलेला काजळाचा डाग चोळत होता. तो निघत नव्हता.

"नेम जित्या माणसाचा हाय, पटेल."

पटेलांनी आत खाटेकडे पाहिलं. मग त्यांनी खाली वाकून पायातल्या वहाणा काढल्या आणि ओसरीच्या कडेला ठेवल्या.

"आंदी तिचं करू," ते म्हणाले. "मारबत राहू दे."

"नाही. आंदी हे."

त्याने मारबत एकट्याने खांद्यावर घेतली. रस्त्याने कोणी ओरडलं नाही, घेऊन जाय वो मारबत असं कोणी म्हटलं नाही. माणसं मागून चालत राहिली. चावडीशी चैतराम थांबला. वर त्याची फळी होती. लाल रंग अजून जराही फिका पडला नव्हता. त्या फळीखाली त्याने मारबत उतरवली, भिंतीला टेकवली आणि तिचं तोंड तालुक्याच्या वाटेकडे केलं.

"शीव पुढं हाय गा," मागून कोणी म्हणालं.

"मालूम हाय."

"मारबत गावात ठेवत नसते. रोग राहते."

"रोग तं हाय," चैतराम म्हणाला. "हापिसात नाही फक्त. ते येतीन तवा नेऊ हिले."

सगळे पटेलांकडे पाहू लागले. पटेलांनी फळी वाचली. अनवाणी पायांनी ते पुढे आले, छत्री उघडली आणि मारबतीच्या डोक्यावर धरली. आभाळ भरून आलं होतं.

तेव्हा या. सायकलवर या, जीपमध्ये या, पण रुमाल न बांधता या. तोंड मातीचं आहे, पावसात फार टिकायचं नाही, म्हणून लवकर या. चावडीपाशी उभे राहा, आधी वरची फळी वाचा, मग खालच्या या बाईच्या तोंडाकडे पाहा. आणि तिच्या नवऱ्याला सांगा: ताप साधा होता.