मार्कोनीचं वायफाय

शुक्रवारी संध्याकाळी मार्कोनीनं कॉफीच्या दुकानात जाहीर केलं की आजपासून त्याच्या घरचं वायफाय स्वतंत्र झालं. कंपनीनं राउटरमध्ये घालून दिलेलं फर्मवेअर त्यानं उपसून काढलं होतं आणि त्या जागी जगभरच्या हौशी लोकांनी फुकट लिहिलेलं नवं भरलं होतं. फर्मवेअर म्हणजे राउटरची अक्कल, त्यानं समजावून सांगितलं. कंपनीची अक्कल काढली, आपल्या पसंतीची घातली. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं की मग बिचाऱ्या राउटरचं कठीणच दिसतंय, पण मार्कोनी तेव्हा बडीशेपेच्या वासाच्या उझो दारूचा घोट घेत होता. स्वतःचं कौतुक चालू असताना त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

त्याचं खरं नाव इग्नातिस. उभी हयात मालवाहू जहाजांवर बिनतारी संदेश पाठवण्यात गेली, आणि असं काम करणाऱ्याला आमच्याकडे ग्रीसमध्ये बंदरोबंदरी मार्कोनीच म्हणतात. गावालाही हे टोपणनाव सोयीचं होतं. कारण त्याच्या घराला भिंत लावून राहणारा चुलतभाऊ, तोही इग्नातिसच. आजोबा इग्नातिस, त्यांच्या दोन्ही मुलांनी आपापल्या थोरल्याला बापाचं नाव दिलं. रीतच तशी आहे, आणि रीत पाळताना पुढे पोस्टमनचं काय होईल याचा विचार कोणी करत नाही. हा दुसरा इग्नातिस मच्छीमार, अंगानं पिंपासारखा, म्हणून गाव त्याला मुद्दाम त्या बोटभर माशावरून तारली म्हणतं.

दोघे लहानपणी एका ताटात जेवले. मग आजोबांची होडी आली मध्ये. 'रोदांथी' तिचं नाव, आजीवरून ठेवलेलं. सरकारनं योजना काढली की मासेमारीचा परवाना सोडा, पैसे घ्या, मात्र होडी मोडायला द्या. तारलीनं सही केली. मार्कोनी समुद्रावरून परत आला तेव्हा धक्क्यावर फळ्यांचा ढीग होता. त्या दिवशी त्यानं सगळ्या गावासमोर सांगितलं की यापुढे तारलीच्या घरचं पाणीसुद्धा आपल्या घशाखाली उतरणार नाही. आणि मार्कोनीचं एक आहे, शब्द दिला की दिला. चुकीचा दिला तर जास्तच घट्ट धरून ठेवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. रविवारी संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तिकडे भर दुपारी, टोरोंटोत मार्कोनीच्या पहिल्या नातवाचा बाप्तिस्मा होता. मुलगा प्रोद्रोमोस तिथून सगळं थेट दाखवणार होता. आमच्यात बाळाचं नाव त्या वेळीच पाद्रीच्या तोंडून बाहेर पडतं. रीतीप्रमाणे आजोबांचं नाव ठेवायचं, म्हणजे इग्नातिस. पण सूनबाई कॅनडाची, तिच्या वडिलांचं नाव डग्लस, आणि प्रोद्रोमोस फोनवर विचारलं की नुसता हसायचा. त्या हसण्यानं मार्कोनीची झोप उडाली होती. आपलं नाव आपल्या डोळ्यांदेखत पुढे जातं की डग्लस होतं, हे त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं, आणि तेही न अडखळता, न तुटता. राउटरचा सगळा खटाटोप त्यासाठीच. गावात मोबाइलला रेंज फक्त दफनभूमीत येते, आणि नातवाच्या बारशाला तिथे जाऊन बसायची मिर्सिनीची तयारी नव्हती.

मिर्सिनी म्हणजे मार्कोनीची बायको. नव्या फर्मवेअरचं तिला कौतुक नव्हतं, पण शुक्रवारपासून तिच्या टॅबलेटवर गाणी बिनबोभाट चालत होती, म्हणून ती गप्प होती.

रविवारी दोघं चर्चमधून घरी आली आणि पाहतात तर टॅबलेटवर काहीच नाही. वायफायचं नाव गायब.

"झालं स्वातंत्र्य," मिर्सिनी म्हणाली.

मार्कोनीनं राउटरवरचा तिनं विणलेला लेसचा रुमाल काढला. राउटर उभा केला, आडवा केला. बंद केला, चालू केला. दिवे सगळे व्यवस्थित लुकलुकत होते, नुसते दिवेच.

"वादळात जपानशी बोलत होतात ना तुम्ही?" मिर्सिनी घेवडा निवडता निवडता म्हणाली. "मग इथून स्वयंपाकघरात बोलून दाखवा की."

"अगं, दिशेचा प्रश्न आहे. तुला कळायचं नाही."

त्यानं राउटर उचलून अंगणाकडच्या खिडकीत ठेवला, त्याच्या अँटेनाच्या काड्या पूर्वेकडे वळवल्या आणि मागे सरकून पाहिलं. तेवढ्यात बाहेर तारलीची खटारा गाडी येऊन थांबली. तो आणि त्याची बायको पेलाग्या ऑलिव्हच्या बागेतून परतले होते. पेलाग्या घराबाहेर पडताना नेहमी मेन स्विच पाडूनच जाते, आगीच्या भीतीनं. घरात पाऊल टाकलं की पहिल्यांदा तो वर करते. मार्कोनीनं काडी अजून बोटभर वळवली आणि टॅबलेट एकदम गाऊ लागला.

"पाहिलंस?" मार्कोनीची छाती फुगली. "पूर्वेकडे तोंड हवं होतं."

"देवाचंही तसंच असतं," मिर्सिनी म्हणाली आणि शेंगा उचलून आत गेली.

दुपारची झोप झाल्यावर त्याच्या मनात आलं, मोठ्या कामाआधी यंत्राला जरा विश्रांती द्यावी. जहाजावरही तो असंच करायचा. त्यानं राउटरचा प्लग काढला आणि हातात धरून उभा राहिला. टेबलावर टॅबलेट गात होता. गाणं संपलं. दुसरं सुरू झालं.

मिर्सिनीनं प्लगकडे पाहिलं. टॅबलेटकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "ही नवी अक्कल विजेशिवायही चालते का?"

मार्कोनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात जे दिसलं ते त्याला अजिबात आवडलं नाही. गावात इंटरनेट आलं तेव्हा दोन्ही घरांचे राउटर त्यानंच लावले होते. तेव्हा 'रोदांथी' अजून पाण्यात होती. घर काय, एकच, म्हणून त्यानं दोन्हींना एकच नाव दिलं होतं, इग्नातिस, आणि दोन्हींचा पासवर्डही एकच, होडीचं नाव. म्हणजे शुक्रवारपासून त्याचा राउटर मुका होता. आणि मिर्सिनीचा टॅबलेट भिंतीपलीकडचं वायफाय मजेत खात होता.

"दोन दिवस मी तारलीचं खातोय," तो खाली बसत म्हणाला. "आणि दुकानात जाऊन ढेकर देतोय."

त्यानं जुना लॅपटॉप वायरनं राउटरला जोडला आणि आत शिरून पाहिलं. नवं फर्मवेअर घातल्यावर वायरलेस मुळात बंदच असतं, आपण हातानं चालू करायचं असतं. असं सूचनांमध्ये पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. मार्कोनीनं सूचना वाचल्या नव्हत्या, कारण सूचना वाचणाऱ्यांना तो कच्चे समजतो. त्यानं वायरलेस चालू केलं, नाव तेच दिलं, पासवर्डही तोच, सवयीनं. टॅबलेटवर सिग्नलच्या सगळ्या काड्या भरल्या. पण उघडेना काहीच. टेलिफोनच्या लाइनवर जायला कंपनीचं एक खातं लागतं, ते जुन्या फर्मवेअरसोबत पुसलं गेलं होतं, आणि कंपनी रविवारी फोन उचलत नाही. घर उघडं, दिवे लावलेले, आणि आत कोणीच नाही, असा तो राउटर झाला होता. तरी लाइन आपोआप जागी होईल या वेड्या आशेनं त्यानं तो तसाच चालू ठेवला.

साडेसहा वाजले.

"टॅबलेट घेऊन भिंतीशी बसू," मार्कोनी हळूच म्हणाला. "तारलीचं वायफाय तिथे जोरात येत असेल. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," मिर्सिनी म्हणाली. "नातवाचं नाव चोरून ऐकायचं? मी नाही बसणार. जाऊन मागा. नाहीतर डग्लस ठेवलं की इग्नातिस, ते सावकाश पत्रानं कळवतील."

मार्कोनी तारलीच्या फाटकात गेला. बायकोला पुढे घातलं होतं, टॅबलेट छातीशी धरला होता. पेलाग्यानं दार उघडलं, तिचा चेहरा क्षणभर कोरा झाला आणि मग ती, "या भाऊजी," म्हणून आत वळली. बाहेर आली ती तबक घेऊनच: बशीत चमचाभर चेरीचा मुरंबा आणि शेजारी गार पाण्याचा पेला. दारी आलेल्याला हे दिल्याशिवाय आमच्यात बोलणं सुरू होत नाही. घेतल्याशिवायही नाही.

तारली खुर्चीतून पाहत होता. सगळ्यांनाच तो शब्द आठवत होता. मार्कोनीनं मुरंबा तोंडात टाकला, पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"उतरलं का?" तारलीनं विचारलं.

"उतरलं."

"मग बोल."

मार्कोनीनं सगळं सांगितलं. राउटर, प्लग, दोन दिवसांची चोरी, सात वाजताचं बारसं. तारली ऐकत होता, आणि त्याचं पोट हळूहळू हलायला लागलं.

"तरीच म्हटलं, शुक्रवारपासून माझं नेट रांगतंय का. मी पेलाग्याला म्हणालो, मार्कोनीच्या नव्या यंत्रानं आपली हवा ओढून घेतली."

"तू पासवर्ड का नाही बदललास इतकी वर्षं?"

"कसा बदलायचा ते तू शिकवलंस कुठे?" तारली म्हणाला. मग खाली पाहून पुटपुटला, "आणि होडीचं नाव दुसरं कुठे राहिलंय आता. गुडघे गेले होते रे माझे. दोन्ही मुली अथेन्सला. होडीवर जाणार कोण होतं? तू तर ब्राझीलमध्ये."

मार्कोनीनं घड्याळाकडे पाहिलं. सुदैवानं सात वाजले.

टॅबलेट तारलीच्या वायफायवर लागला आणि टोरोंटोचं चर्च स्वच्छ उभं राहिलं. प्रोद्रोमोस टाय लावून घामाघूम, सूनबाई हसरी, आणि तिच्या हातात तो गोंडस ऐवज, जगाला शिव्या देत असल्यासारखा रडणारा. पाद्री लांबण लावत होता. मग बाळाला तेल चोळायला घेतलं. पेलाग्या म्हणाली, आत उकडतंय, अंगणात बसू, मी खुर्च्या टाकते. चौघं टॅबलेट घेऊन बाहेर आली, भिंतीलगत बसली. पाद्रीनं बाळाला उचलून पाण्याच्या कुंडावर धरलं, तोंड उघडलं, आणि तसाच राहिला. तोंड उघडंच. चित्र थिजलं होतं.

"आता काय झालं?" तारली ओरडला. "माझं नेट चालू आहे!"

मार्कोनीनं टॅबलेटच्या कोपऱ्यात पाहिलं. काड्या पूर्ण भरलेल्या. वायफाय: इग्नातिस. मग त्यानं भिंतीपलीकडे स्वतःच्या खिडकीकडे पाहिलं, जिथे त्याचा राउटर पूर्वेकडे तोंड करून ऐटीत बसला होता.

"माझाच आहे तो," तो म्हणाला. "नाव तेच, पासवर्ड तोच, आणि इथून जास्त जवळ. टॅबलेट त्याच्याकडे गेलाय, आणि त्याच्याकडे द्यायला काही नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या राउटरबद्दल काही वेळेत कळलं होतं, आणि ते कळून तो धावत सुटला. या फाटकातून बाहेर, त्या फाटकातून आत, वाटेत कुंडी लवंडली, स्वयंपाकघरात खुर्चीवर आपटला. प्लग उपटला. राउटरचे दिवे विझले.

घरात शांतता झाली. आणि त्या शांततेत त्याला उमगलं की आपण इथे आहोत, आणि नातू तिकडे, भिंतीपलीकडे. इतका खटाटोप ज्या एका शब्दासाठी केला, तो आता दुसऱ्यांच्या कानात पडणार. त्याला स्वतःचा इतका राग आला की तो जागचा हलेना. बाहेर पाण्याचा आवाज आला, बाळाची किंकाळी आली, पाद्रीचा सूर आला, शब्द मात्र एकही लागेना.

मग तारलीचा आवाज आला. एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाक मारायचा तोच त्याचा जुना, अवाढव्य आवाज.

"इग्नातिस ठेवलं रे! इग्नातिस!"

मार्कोनी खिडकीत आला. "डग्लस नाही?"

"कसला डग्लस! तीनदा बुडवलं, तीनदा म्हणाला पाद्री. मी मोजलंय. इग्नातिस, इग्नातिस, इग्नातिस!"

किती वर्षांत तारलीच्या तोंडून हे नाव निघालं नव्हतं. मार्कोनीला वाटलं, आपण ऐकलं ते पाद्रीच्या तोंडून ऐकलं असतं तर बरं झालं असतं. मग वाटलं, नाही, हेच बरं झालं. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत.

"रडतोयस काय तिथे?" तारलीनं विचारलं.

"नाही."

"म्हणजे मी एकटाच रडतोय होय? आपल्या आजोबाचं नाव आहे, अर्धं माझं आहे ते. ये लवकर इकडे, जावळ काढतायत."