तिकडे नऊ तास, इकडे सतरा

माझ्या मुलाच्या शहरातून विहीणबाईंच्या शहरात विमानाने नऊ तासांत पोचता येतं. माझ्याकडे यायला सतरा लागतात, आणि तेही मध्ये विमान बदलून. मुलाचा शाळेतला पृथ्वीगोल अजून कपाटावर आहे. त्यावर दोरा लावून मी स्वतः मोजलंय. अंतरात जेमतेम दोन बोटांचा फरक. मग बाकीचे तास जातात कुठे? मधल्या विमानतळावर बाकड्यावर बसण्यात.

"आई, लहान पोरीला घेऊन सतरा तास नाही गं झेपत," मुलगा म्हणायचा. "तिच्या आजोळी कसं, इथे बसलं की तिथे उतरलं."

तीन वर्षं हेच. माझा नुसता तिळपापड व्हायचा. त्या बाईने असं काय पुण्य केलंय, की विमान थेट तिच्या दारात उतरावं? शिवाय भारी धूर्त. नात तिच्याकडे राहून जाते, पण एक फोटो पाठवेल तर शपथ! मग मी शिलाई मशीनवर बसून गिऱ्हाइकांच्या पँटी अशा दामटायचे की सुया मोडायच्या.

परवा पडदे शिवायला टाकणाऱ्या बाईने सांगितलं, इथेही आता सरळ विमान येणार. दहा तासांत. ती गेल्यावर मी तिचे पडदे बाजूला सारले आणि नातीच्या फ्रॉकसाठी जपून ठेवलेलं पिवळं कापड टेबलावर पसरलं. कात्री उचलली आणि थबकले. माप? व्हिडिओवर पोर कायम सोफ्यात लोळलेली. मुलाला विचारलं तर "मोजून सांगतो" म्हणतो आणि विसरतो. माप ठाऊक असणार ते एकाच बाईला.

नाक मुठीत धरून फोन लावला. पण आधी विमानाची बातमी सांगितली, चांगली रंगवून.

"आता सुट्टीला इकडेच येतील हो, विहीणबाई!"

"आता म्हणजे?" त्या म्हणाल्या. "दर सुट्टीला तुमच्याकडेच तर असतात. सासूबाई एकट्या, त्यांना नाही कसं म्हणू, असं सांगते मुलगी. मी बोलत नाही, पण खरं सांगू? फार जळते मी तुमच्यावर."

मी कात्री खाली ठेवली.

"अहो, मी तर तुम्हाला पोरीचं माप विचारायला फोन केलाय. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत किती भरते?"

"मला कुठलं ठाऊक? कडेवर होती तेव्हा पाहिलेली."

तीन वर्षं मी या बाईवर जळले, आणि आता तेवढंही हातातून गेलं. जळताना निदान एवढं तरी होतं, की पोर कुठल्यातरी आजीच्या मांडीवर आहे.

"मोठाच शिवा," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "वाढतं अंग आहे."

"किती मोठा?" मी विचारलं.

दोघींनाही सांगता येईना, आणि फोनही कुणी ठेवेना.