हाताची सवय

बाटल्यांच्या कारखान्यात तिला सगळे घार म्हणत. पट्ट्यावरून बाटल्या एकामागून एक सरकत आणि तडा गेलेली बाटली डोळ्याला धड दिसायच्या आत तिच्या हाताने उचलून खोक्यात टाकलेली असे. ही विद्या आईची. आईने याच पट्ट्यावर सव्वीस वर्षं काढली आणि लेकीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "विचार करत बसलीस तर बाटली पुढे जाते. हाताला शिकव."

तीच आई गेले पाच महिने खाटेवर होती. जिन्यावरून पडली, खुबा मोडला. घरचे उपाय थकले तेव्हा डॉक्टर म्हणाले, उपचार केंद्रात दोन महिने ठेवलं तर चालेल ती, पण आता उशीर नको. केंद्रातल्या जागा मोजक्या. फोनवर ते कुणाला दाद देत नसत. जागा झाली की मेल येणार, आणि त्याच दिवशी बारा वाजेपर्यंत होकार कळवायचा.

म्हणून तर तिने पैसे भरून मेलची सेवा घेतली होती. जाहिराती नाहीत, असं छातीठोकपणे सांगितलं होतं त्यांनी. तीन महिने गप्प बसले आणि मग सुरू झाले. पत्रांच्या यादीत अगदी वर, हुबेहूब पत्रासारख्या दोन-तीन ओळी, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत 'जाहिरात'. तिने तक्रार केली. उत्तर आलं, तेही खाली गादीची जाहिरात चिकटवून! बरं, निर्लज्जपणा तरी किती? आईबद्दल ती केंद्राला काय लिहिते ते वाचल्यासारख्या खुब्याच्या, काठीच्या, खाटेच्या जाहिराती यायला लागल्या. 'आईसाठी जागा मिळाली!' अशी एक आली तेव्हा ती आनंदाने किंचाळली होती. ते निघालं वृद्धांच्या सहलीचं तिकीट. त्या दिवसापासून ती मेल उघडली की वरच्या ओळी अंगठ्याने सटासट उडवायची, वाचायचीसुद्धा नाही.

त्या दिवशीही अकराच्या चहाला तिने कपाटातून फोन काढला, तीन ओळी उडवल्या, खाली नवीन काही नाही असं पाहिलं आणि पट्ट्यावर परत आली.

बाराला पाच मिनिटं कमी असताना तिच्या हाताने एक बाटली उचलून खोक्यात टाकली.

"अगं, ती चांगली होती!" शेजारची ओरडली.

घारीने खोक्यात पाहिलं. बाटली खरंच चांगली होती. आणि तिला एकदम आठवलं. चहाच्या वेळी उडवलेल्या तिसऱ्या ओळीच्या कोपऱ्यात ते करडं अक्षर नव्हतं.

तिने लाल दोरी ओढली. पट्टा थांबला. आग लागल्याशिवाय ती दोरी कुणी ओढत नाही.

"डोकं फिरलंय का तुझं?" मुकादम धावत आला.

"साहेब, आईची जागा जाईल! नंतर काय ते बोला!"

कपाटाची किल्ली दोनदा हातातून निसटली. फोन उघडला तेव्हा दोन मिनिटं उरली होती. उडवलेल्या पत्रांचा कप्पा उघडायला गेली तर समोर हसऱ्या म्हातारीची चित्रफीत आणि खाली आकडे: तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. चित्रफीत संपली. बंद करायची फुली मोहरीएवढी होती, घामट बोट बाजूला पडलं आणि थेट कुबड्यांचं दुकान उघडलं. तिच्या तोंडून शिवी गेली. मागे आली तर पुन्हा तीच म्हातारी, पुन्हा तीस.

पत्र सापडलं. 'जागा उपलब्ध. होकार बारापर्यंत.' तिने 'हो, आम्ही येतो' एवढंच लिहिलं आणि पाठवायचं बटण दाबलं. वर पाटी आली, 'आमची वरच्या दर्जाची योजना पाहिलीत का?' तिने ती पाटी अक्षरशः ठोसे मारून घालवली.

पत्र गेलं ते बारा वाजून एका मिनिटाने.

उत्तर लगेच आलं. क्षमस्व, बारा वाजता जागा पुढच्या नावाला दिली, आपलं नाव यादीत शेवटी घेतलं आहे.

तिने तिथूनच घरी फोन लावला. खोटं सांगायचं मनात आलं, पण जमलं नाही. "आई, जागा आली होती. मी न वाचता उडवली. माझ्या हातानं घालवली गं मी."



"हात मीच शिकवलाय तुझा," आई म्हणाली. "मागे आवाज का येत नाहीये? पट्टा बंद आहे?"

"मी थांबवला."

"मग जा, चालू कर. बायका खोळंबल्या असतील."

ती परत गेली. पट्टा सुरू झाला. पहिली बाटली समोर आली तेव्हा तिने हात पाठीमागे धरला आणि बाटली नीट, सगळीकडून पाहिली. तोवर पुढच्या चार निघून गेल्या होत्या.