रंबुतानच्या बुडाची चीर

लेकीची, नुचची, सोयरीक आज ठरायची होती, आणि मुलाच्या आईविषयी ओराफिनचा संशय काही केल्या फिटत नव्हता. विलावन म्हणे नदीपलीकडच्या एका जुन्या सरदारघराण्यात वाढली होती. वाढली म्हणजे नेमकी कोठे, दिवाणखान्यात की स्वयंपाकघरात, एवढेच ओराफिनला हवे होते. कारण बँकॉकात श्रीमंती कोणालाही कमावता येते, घराणे मात्र सांगावेच लागते.

म्हणून तिने पाहुणीपुढे रंबुतानची, लिचीसारखी रसाळ, फळे ठेवली: सोललेली, आतली बी अलगद काढूनही सबंध दिसणारी, बर्फावर रचलेली. हा थाट जुन्या मोठ्या घरांतलाच. ज्याने ही फळे केवळ खाल्ली आहेत, तो ती सरळ तोंडात टाकतो; ज्याने ती सुरीने कोरली आहेत, तो आधी उलटी करून बुडाची चीर पाहतो.

"आमच्या स्वयंपाकीण साय मावशीचा हात हो," ओराफिन म्हणाली.

विलावनने फळ उचलले, आणि उलटे केले.

सापडली! ओराफिनने नकाराचे गोड शब्द मनात जुळवायलाही घेतले.

"काय सुबक काम आहे! पण चीर उलट्या अंगाने वळलीय," विलावन म्हणाली. "मावशी डावखुऱ्या का?"

साय मावशी समोरच, उजव्या हाताने पाणी ओतत होत्या. ओराफिनचा डावा हात आपोआप मांडीवरच्या रुमालाखाली गेला.

"साय? छे हो!" शेजारी बसलेल्या ओराफिनच्या सासूबाई हसल्या. "या घरात डावखुरी एकच, आमची सून. आणि तिला कसली सुरी धरता येतेय! मंत्र्यांची पुतणी ना ती!"

हे खोटे पुतणीपण ओराफिनने सत्तावीस वर्षे जपले होते. त्या मंत्र्यांच्या घरी मागच्या ओसरीवर आईशेजारी बसून ती टोपल्याच्या टोपल्या फळे कोरत असे, हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हते.

विलावनने रुमालाकडे पाहिले. मग सावकाश फळ खाल्ले.

"मग सुरीच वाकडी असेल, आई," ती म्हणाली. "आमच्याकडे होती तशी एक." आणि सासूबाईंकडे नव्हे, ओराफिनकडे वळून, "तर मग, ओराफिनबाई, पक्कं समजायचं ना?"

"पक्कंच," ओराफिन म्हणाली.

"लग्नाची फळं आपण दोघी मिळून करू या. मावशींना तेवढाच आराम."

हे सख्य होते की लगाम? पाहुणी गेल्यावरही ओराफिनला उलगडा होईना. तिने ताटातले उरलेले फळ उचलले. बोटे सवयीने ते फिरवू लागली, तोच सासूबाईंची नजर आपल्या हातावर खिळल्याचे तिला जाणवले.

तिने ते सरळ तोंडात टाकले.