कुलसुमचा पेला

१९६३ सालच्या त्या उन्हाळ्यात हलिमाच्या घरी वीज नव्हती, पंखा नव्हता. अब्रू मात्र होती, आणि सासू मरियमबी ती डोळ्यांत तेल घालून राखत होती. दुबईच्या बर दुबई भागात खाडीजवळ त्यांचं भाड्याचं घर. हलिमाचा नवरा बदरुद्दीन बाजारात कापड विकायचा. त्या शुक्रवारी सकाळी पाणीवाला गाढवावरून गोड्या पाण्याचे डबे घेऊन आला आणि ओसरीतले रांजण काठोकाठ भरून गेला. मरियमबीने स्वतः उठून झाकणं घातली.

कुलसुम दूर उभी राहून बघत होती. ती रत्नागिरीकडच्या मासेमाराची आईविना पोर. बाप अजीज लाँचवर खलाशी. मुंबईच्या खेपेला निघाला की तो तिला इथे ठेवून जाई, बदरुद्दीन आपल्या गावचा म्हणून. हे घर व्यापाऱ्यांचं, ती मासेमाराची. कलमा एक, मशीद एक, पण पाणी निराळं. घरातले सगळे एका मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवत, कोकणी मुसलमानांची ती रीतच. कुलसुमला मात्र चुलीपाशी वेगळी ताटली, आणि बाहेर खिळ्याला टांगलेला निळ्या काठाचा इनॅमलचा पेला. रांजणाला तिने हात लावायचा नाही. तहान लागली की पेला पुढे धरायचा आणि कुणीतरी वरून ओतायचं. हे तिला कुणी मारून शिकवलं नव्हतं. गोड बोलूनच शिकवलं होतं, आणि ते जास्त पक्कं बसलं होतं.

शेजारची अरब मुलगी शम्सा आली की तिला थाळ्यावर मानाची जागा मिळे. अरबाची लेक आपल्याकडे जेवते याचं मरियमबीला कोण कौतुक! शम्साचं लक्ष मात्र कुलसुमकडे. दोघी अर्धं अरबी, अर्धं हिंदी बोलत अंगणात शिंपल्यांनी खेळत. हलिमाची मुलगी रशीदाही त्यांच्यात असे, पण आज ती नवे कपडे मळू नयेत म्हणून आत बसली होती. कुलसुम सोडून सगळ्यांना खाडीपलीकडे देऱ्याला हलिमाच्या नणंदेच्या घरी जेवायला जायचं होतं.

"किती सुंदर आहे गं!" शम्सा पेल्यावरच्या लाल फुलावरून बोट फिरवत म्हणाली.

शम्साच्या घरी पाहुण्याने एखाद्या वस्तूची तारीफ केली की ती त्याच्या हातात ठेवत. कुलसुमने ते पाहिलं होतं. तिच्याजवळ देण्यासारखं दुसरं होतं तरी काय? तिने पेला शम्साच्या हातात दिला. "तुझा. खलास."

बुरखा घालता घालता हलिमाने ते पाहिलं आणि तिला हसू आलं. शम्सा पेला घेऊन उड्या मारत घरी गेली. बदरुद्दीनने दारातून हाक मारली, "यल्ला, यल्ला! अब्रा सुटली तर उन्हात उभं राहावं लागेल." कुलसुम घरात एकटी राहणार म्हणून अंगणाच्या दाराला बाहेरून वरची कडी घातली गेली.

अब्रा, पैलतीराला नेणारी ती होडी, खाडीच्या मध्यावर आली तेव्हा हलिमाला आठवलं. घराबाहेर जाताना ती पेला भरून, झाकून ठेवत असे. आज पेलाच नव्हता.

"अम्मा, पोरीला पानी ठेवायचं राहिलं."

"एक दिवसानं काय होतंय गो?" मरियमबी म्हणाली. "जातोय आणि येतोय."

माघारी फिरू या, असं हलिमाच्या ओठांवर आलं होतं. होडीत चार माणसं होती. नवऱ्याचा चेहरा आधीच तापला होता. तिने बुरखा पुढे ओढून घेतला.

परतेपर्यंत असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज होऊन गेली. शम्सा दारातच उभी होती, तिच्या हातात तोच निळ्या काठाचा पेला, ताकाने भरलेला. ज्याने भांडं दिलं त्याला ते रिकामं दाखवायचं नाही म्हणून ती मैत्रिणीला पाजायला आली होती.

"उम रशीदा," रशीदाच्या आईला अरबी रीतीने हाक मारत ती म्हणाली, "कुलसुम बोलत नाही. मी किती हाका मारल्या!"

हलिमाने कडी काढली. कुलसुम रांजणांपासून हातभर अंतरावर पडली होती. अंग तापलेलं, ओठ फाटलेले. झाकणं मात्र मरियमबीने घातली होती तशीच होती. तिने घरातला वाडगा रांजणात बुडवून पोरीच्या तोंडाशी नेला. कुलसुमने डोळे किलकिले केले, वाडगा पाहिला आणि दात घट्ट आवळले.

"चाची... माझा पेला नाय."

शम्साने आपल्या हातातला पेला पुढे केला. तेव्हा कुठे पोरीने ओठ उघडले. घोटघोट करत ती प्यायली. रशीदा रडत रडत तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. शम्सा एकदा रांजणांकडे बघे, एकदा मोठ्या माणसांकडे.

"पाणी तर इथेच होतं," ती म्हणाली. "मग ती का नाही प्यायली?"

मरियमबी पुटपुटली, "बाहेर बोलू नको हां बेटी." हलिमाला लाज वाटली, अशी की जमीन पोटात घेईल तर बरं. पेल्याच्या तळाशी थोडं ताक उरलं होतं. तिने ते सगळ्यांसमोर पिऊन टाकलं.

"हलिमा! उष्टं तिचं!"

"हो अम्मा, तिचंच. आजपास्नं या घरात वेगळा पेला नाय. अजीजभाई आले की मीच त्यांना सगळं सांगणार." मग तिने पेला धुऊन शम्साला परत दिला. "तुला दिलेला आहे. तुझाच."

कुलसुम वाचली. दोन दिवसांनी ती थाळ्यावर रशीदा आणि शम्साच्या मधे बसली. मरियमबी पाठ फिरवून खाटेवर पडून राहिली. आपल्या हातून मोठं काही झालं, असं हलिमाला क्षणभर वाटलंही.

दुपारी ती ओसरीत आली. कुलसुम रांजणासमोर उभी होती. झाकण उघडं, हातात घरचा वाडगा, आणि अडवायला कुणी नाही. तरी ती कोरड्या ओठांनी तशीच उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

पावलं ऐकून तिने वळून पाहिलं.

"चाची," तिने हळूच विचारलं, "पिऊ?"