कुणी वाचू नये म्हणून

रईसा आपानं चष्मा कपाळावर सरकवला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि नोटीस दुसऱ्यांदा वाचली.

"वाचत काय बसलात आपा, छापा," वकिलाचा कारकून कृष्णा म्हणाला. "दोन कॉप्या बास. एक आमाला, एक तुमच्या फाइलीला."

"आणि लोकांनी?"

कृष्णा हसला. "लोकांनी वाचू नाय म्हणून तर तुमच्याकडं आलो. कन्नड तालुक्याच्या शिवारात हिंदी पेपर कोण वाचतंय? अण्णाच म्हणले, आपाकडं दे."

अण्णा म्हणजे कडुबा अण्णा. अठ्ठावीस वर्षांमागं तो शाळा बांधणारा ठेकेदार होता. त्यानं बांधलेलं छत पहिल्याच पावसाळ्यात खाली आलं आणि रईसानं ते फोटोसकट छापलं. शहरात हिंदी साप्ताहिक काढणारी ती पहिली बाई. घरचे म्हणत, उर्दूत लिही. बाहेरचे म्हणत, मराठीत लिही. तिनं छावणीतल्या फौजींच्या बायकांसाठी, बाहेरून आलेल्या मजुरांसाठी हिंदीत 'सीधी लकीर' काढलं. छताची बातमी आली त्याच्या चौथ्या दिवशी कडुबाच्या माणसांनी छापखान्यातले शिशाचे खिळे, अक्षर न् अक्षर, गोण्यांत भरून खाम नदीत ओतले. पुलावर उभा राहून तो म्हणाला होता, "बाई, हिंदीत बोंबलून ऐकणार कोण?" पोलिसांनी लिहून घेतलं, भंगाराची चोरी.

आता साप्ताहिक चार पानांचं उरलं होतं. नोटिसांवर जगत होतं.

"छापते," ती म्हणाली. "पहिल्या पानावर."

"कुठंबी छापा."

तो गेल्यावर तिनं जमिनीचा सातबारा काढून पाहिला. नोटिशीत लिहिलं होतं की कारभारी नावाचा एकच मालक जमीन कडुबाला विकतोय, कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी. सातबाऱ्यावर नावं दोन होती. कारभारी, आणि त्याची विधवा भावजय केसरबाई.

सोळाव्या दिवशी त्याच जमिनीवर कडुबाच्या रिसॉर्टचं भूमिपूजन होतं. मंत्री येणार होते, गावभर बॅनर लागले होते.

अंक छापून झाला. रईसानं गठ्ठा कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. पहिल्याच दिवशी केसरबाईला सांगितलं असतं तर कडुबानं तिला गाठून प्रकरण गुपचूप मिटवलं असतं. रईसाला ते मिटायला नको होतं. मांडव पडलेला, मंत्री निघालेले, आणि तेव्हा हरकत यायला हवी होती. गावासमोर थोबाड फुटायला हवं होतं. ते बारा दिवस तिला झोप छान लागली.

तेराव्या दिवशी कन्नडचा बाजार होता. विचारत विचारत ती अद्रकाच्या ढिगाशी पोचली.

"घ्या ना मावशी," ढिगामागची बाई म्हणाली. "नुसतं बघून चहा व्हत नाय."

"केसरबाई तूच का?"

"व्हय. का बरं?"

रईसा खाली बसली. अंक उलगडून तिनं नोटीस वाचली, ओळीओळीनं मराठीत सांगितली. केसरबाईचा हात तराजूवर तसाच राहिला.

"भाड्या," ती दिराला म्हणाली, जणू तो समोरच होता. "मला म्हणला, सरकारी रस्ता जातोय. जेसीबी आला, मोसंबीची सगळी झाडं उपटली. औंदा पयला बहर व्हता."

"कधी आला?"

"पाच दिस झाले."

रईसानं अंकाची घडी घातली. पुन्हा उलगडली.

"अजून दोन दिवस आहेत," ती घाईनं म्हणाली. "हरकतीचा अर्ज मी लिहिते. कडुबाला मांडवातून उठवू."

केसरबाई तिच्याकडं बघत राहिली. "हे तुमाला कधी कळलं, मावशी?"

हा प्रश्न रईसानं जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता. साहेबांना, ठेकेदारांना. ते घाम पुसायचे, पाणी मागायचे. कालच कळलं, एवढं म्हणणं सोपं होतं.

"नोटीस माझ्याकडंच आली," ती म्हणाली. "बारा दिवस झाले."

"म्हंजी तवा झाडं उभी व्हती."

केसरबाईनं अद्रकावर गोणपाट टाकलं, शेजारणीला नजर ठेवायला सांगितलं आणि चालू लागली. रईसा तिच्यामागं तहसील कचेरीपर्यंत गेली.

बाहेरच्या बाकावर बसून रईसानं अर्ज लिहिला. मराठीत, ठसठशीत. कारभारीनं काय केलं ते लिहिलं, कडुबानं काय केलं तेही. मग कागद अंगठ्यासाठी पुढं केला.

"वाचा," केसरबाई म्हणाली.

रईसानं वाचून दाखवला.

"झाडं पडूस्तवर कागूद कुणी दाबून ठिवला, त्ये नाय आलं यात."

"त्यानं अर्जाला काही..."

"लिवा."

रईसानं पेन टेकवलं. कडुबाच्या नावाखाली नवी ओळ सुरू केली. 'रईसा' एवढं लिहून तिचा हात थांबला.

केसरबाई थांबलेल्या पेनाकडं वाकून बघत होती.

"नाव पुरं लिवा," ती म्हणाली.